१० डाऊनिंग स्ट्रीट: पाडायचं की ठेवायचं?

१९५४ साली ब्रिटनच्या मिनिस्ट्री ऑफ वर्क्सने, म्हणजे तिथल्या बांधकाम खात्याने, पंतप्रधानांच्याच घराची तपासणी करून घेतली. तपासणीत जे निघालं ते एखाद्या साध्या भाडेकरूला कळलं असतं, तर त्याने आठवड्याभरात बिऱ्हाड हलवलं असतं. पाया खचत होता. भिंती कलल्या होत्या आणि दारांच्या चौकटी पिरगळल्या होत्या. मुख्य जिना काही इंच खाली बसला होता आणि त्याचा कठडा ओळ सोडून वाकला होता. भार घेणाऱ्या भिंती बसतील या भीतीने वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसं जमू द्यायची यावर बंधन घालावं लागलं होतं. दरवर्षीच्या डागडुजीचं बिल मात्र नियमितपणे वाढत होतं.

अहवाल विन्स्टन चर्चिल यांच्याकडे गेला. १९५५ मध्ये ते पायउतार झाले आणि अहवाल अँथनी ईडन यांच्याकडे आला. ईडन सुएझ कालव्याच्या पेचात अडकले, १९५७ मध्ये गेले, आणि तोच अहवाल हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या पुढ्यात येऊन पडला. एवढ्या काळात घर काही थांबलं नव्हतं, ते खचतच होतं.

मॅकमिलन यांच्यापुढचा प्रश्न जुन्या इमारतीचा कुठलाही मालक ओळखेल असाच होता: पाडून नवं बांधायचं की आहे ते सावरायचं? फरक इतकाच, की या घराचं दार जगभर ओळखीचं होतं. त्या निर्णयाची ही गोष्ट आहे. पण घर या अवस्थेला आलं कसं, हे समजायला पावणेतीनशे वर्षं मागे जावं लागतं, कारण दोष युद्धातल्या बॉम्बने घातलेला नव्हता. तो बांधणाऱ्यानेच घातला होता.

बिल्डर

सर जॉर्ज डाऊनिंग. पुण्या-मुंबईच्या वाचकाला या माणसाची जात ओळखायला वेळ लागणार नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या पहिल्या पदवीधर तुकडीतला हा विद्यार्थी. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तो राजाविरुद्ध लढणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या बाजूने गेला, त्याच्या हेरखात्याचं काम सांभाळलं, हॉलंडमध्ये हेगला राजदूत म्हणून राहिला. १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा डाऊनिंग झटक्यात राजनिष्ठ झाला. पुरावा म्हणून त्याने १६६२ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी आपल्याच तीन जुन्या सहकाऱ्यांना पकडून दिलं. राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडात त्यांचा हात होता. तिघेही फासावर गेले. त्यांच्यापैकी जॉन ओकी हा तर त्या पलटणीचा प्रमुख होता, जिथे डाऊनिंगने धर्मोपदेशक म्हणून सुरुवात केली होती. सॅम्युएल पीप्स काही काळ डाऊनिंगच्या हाताखाली कारकून होता. त्याने आपल्या रोजनिशीत या साहेबाला विश्वासघातकी बदमाश म्हणून ठेवलंय.

वेस्टमिन्स्टरमधल्या या जमिनीवर डाऊनिंगची नजर १६५४ पासून होती. पण आधीचा भाडेपट्टा आडवा येत होता. राणी एलिझाबेथने १५८१ मध्ये इथलं घर थॉमस निव्हेट याला पट्ट्याने दिलं होतं. पार्लमेंट उडवून देण्याच्या १६०५ च्या कटात गाय फॉक्सला ज्याने अटक केली तोच हा निव्हेट. त्याच्यामागे घर त्याच्या भाचीकडे, मिसेस हॅम्पडेन यांच्याकडे गेलं. या बाई ऑलिव्हर क्रॉमवेलच्या आत्या, आणि त्यांच्या वारसांचा पट्टा १६८२ पर्यंत चालला. डाऊनिंग वाट बघत राहिला. पट्टा संपल्याबरोबर जुनी बांधकामं पाडली आणि १६८२ ते १६८४ या दोन वर्षांत गल्लीच्या उत्तर बाजूला १५ ते २० घरांची सलग रांग उभी केली. आराखड्यासाठी सर क्रिस्टोफर रेन, म्हणजे सेंट पॉल्स कॅथीड्रलचे वास्तुकार, यांचं नाव सांगितलं जातं. पण कागदावरचं नाव आणि खड्ड्यातला पाया या दोन वेगळ्या गोष्टी.

जमीन दलदलीची होती. थेम्सच्या काठचा हा भाग पूर्वी ओढ्यांनी वेढलेलं बेट होता. अशा जागी खोल पाया हवा, आणि खोल पाया म्हणजे पैसा. डाऊनिंगने तो घातला नाही. लाकडी तुळयांवर भिंती उचलल्या. विटाही हलक्या आणि ओबडधोबड. मग घर भारीतलं दिसावं म्हणून दर्शनी भिंतीवर चुन्याच्या सरळ बारीक रेघा ओढल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, विटा एकसारख्या कापलेल्या आहेत आणि दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या रेघा, काटेकोर भरल्या आहेत. चर्चिल यांनी पुढे या घरांबद्दल लिहिलं की ती डळमळीत आणि हलक्या बांधणीची असून ज्या नफेखोर कंत्राटदाराने ती बांधली त्याचंच नाव मिरवतात.

डाऊनिंग स्वतः या गल्लीत कधी राहिला नाही. काम पूर्ण झालं त्याच वर्षी, १६८४ मध्ये, तो मेला.

रांगेतलं घर आणि मागचं घर

लंडनचं जुनं टाउन हाउस म्हणजे रांगेतलं घर. रस्त्याकडे तोंड अरुंद, दोन-तीन खिडक्यांचं, आणि खोली मागे लांबवर गेलेली. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. तळघरात स्वयंपाकघर, रस्त्याच्या पातळीवर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठी सगळ्यात उंच छताची दालनं, त्यावर झोपायच्या खोल्या आणि छपराखाली नोकर. बाहेरून खिडक्यांची उंची बघितली की कुठल्या मजल्यावर मालक आणि कुठल्या मजल्यावर मोलकरीण हे कळतं. जमीन सहसा पट्ट्यावर असायची, म्हणून बांधणारा घर पट्ट्यापुरतं टिकेल एवढंच बघायचा. डाऊनिंगने तेवढंही बघितलं नाही, इतकंच.

दहा नंबरची खरी गंमत त्याच्या मागे आहे. रांगेच्या पाठीमागे, हॉर्स गार्ड्स परेड या कवायतीच्या मैदानाच्या बाजूला, एक वेगळीच हवेली होती. व्हाइटहॉल राजवाड्याला लागून असलेली, दरबारी लोकांनी राहिलेली. दुसऱ्या चार्ल्सची मुलगी, काउंटेस ऑफ लिचफिल्ड, तिथे राहायची. डाऊनिंगची रांग उभी राहिल्यावर आपल्या अंगणात सगळ्यांची नजर पडते अशी तक्रार तिने वडिलांकडे केली होती. शेवटी हॅनोव्हर या जर्मन संस्थानाचा राजदूत काउंट बोथमार तिथे राहिला आणि १७३२ मध्ये मेला.

त्यानंतर राजा दुसरा जॉर्ज याने ही हवेली आणि तिच्यापुढचं रांगेतलं घर सर रॉबर्ट वॉलपोल यांना भेट देऊ केलं. वॉलपोल हे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जातात. त्यांचं अधिकृत पद फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी, म्हणजे सरकारी खजिन्याच्या खात्याचा प्रमुख. त्यांनी भेट स्वतःसाठी नाकारली आणि अट घातली: घर पदाला द्या, म्हणजे मी आणि माझ्यानंतर या पदावर येणारे इथे राहतील. दाराच्या पितळी पत्रपेटीवर आजही तेच पद कोरलेलं आहे, पंतप्रधान हा शब्द तिथे नाही.

या अटीचं कौतुक नेहमी होतं, आणि ते योग्यच आहे. पण इमारतीच्या अंगाने बघितलं तर पुढच्या दोनशे वर्षांचं दुखणं याच अटीत आहे. घर पदाचं झालं, म्हणजे राहणाऱ्याचं उरलं नाही. आज आहे, उद्या नाही अशा माणसाने पायावर पैसा का ओतावा? आणि ट्रेझरीने, जी दुसऱ्यांच्या पैशाला नाही म्हणण्यासाठीच असते, स्वतःच्या प्रमुखाच्या घरासाठी तिजोरी का उघडावी? दर पिढीत वरवरची डागडुजी झाली. मुळाशी कोणी गेलं नाही.

वॉलपोल यांनी शेजारचं एक छोटं घरही मिळवलं. तिथला भाडेकरू मिस्टर चिकन. या गृहस्थांबद्दल इतिहासाला माहीत आहे ते एवढंच, की ते १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून हलले. वॉलपोल यांनी त्यांना याच गल्लीत दुसरं घर मिळवून दिलं होतं. ब्रिटिश राज्यघटनेच्या इतिहासात नाव राहायला यापेक्षा कमी कष्ट कोणी घेतले नसतील.

तिन्ही घरं जोडायचं काम विल्यम केंट यांना मिळालं. केंट त्या काळचे मोठे वास्तुकार. शेजारची ट्रेझरीची इमारत त्यांचीच. त्यांनी मागच्या हवेलीची आतली मांडणी बदलली, मधल्या मोकळ्या जागेत दुमजली जोड बांधली, उरलेल्या जागेत चौक ठेवला आणि पुढच्या घरातून मागच्या घरात जायला लांब मार्गिका काढली. सुमारे ६० खोल्या झाल्या. म्हणून रस्त्यावरून बघणाऱ्याला दहा नंबर नेहमी फसवतं. समोर दिसतं ते रांगेतलं साधं घर, कॅबिनेटची खोली आणि मोठी दालनं त्याच्या मागे, वेगळ्याच इमारतीत. २२ सप्टेंबर १७३५ रोजी वॉलपोल कुटुंब राहायला आलं. तेव्हा घराचा नंबर ५ होता, १० पुढे झाला.

केंट यांचं इथलं सगळ्यात देखणं काम म्हणजे दगडी जिना. पायऱ्या एका टोकाने भिंतीत रोवलेल्या, दुसरं टोक अधांतरी, लोखंडी नक्षीचा कठडा आणि त्यावर हात टेकायला महोगनीचं लाकूड. अशा जिन्यात प्रत्येक पायरी भिंतीच्या पकडीवर आणि खालच्या पायरीवर उभी असते. भिंत हलली की जिना बोलतो. १९५४ मध्ये तो काही इंच बसलेला आढळला, याचा अर्थ त्याला धरणारी भिंतच बसली होती. आणि केंट यांच्या सगळ्या कौशल्याखाली मूळ पाया डाऊनिंगचाच होता. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी बांधलेली घरं एकमेकांना बांधून टाकली की ती सारख्या गतीने खचत नाहीत. मग जोडावर भेगा येतात आणि चौकटी पिरगळतात.

दोनशे वर्षांची मलमपट्टी

१७६६ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांच्या काळात घर मोडकळीला आल्याचं कळवलं गेलं आणि बरीच वर्षं रेंगाळलेली दुरुस्ती सुरू झाली. आजचा ओळखीचा चेहरा त्याच सुमाराचा आहे: सहा खणांचं काळं दार, सिंहमुखी कडी, आतला काळ्यापांढऱ्या फरश्यांचा पट. १७८३ मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती निघाली. अंदाज सुमारे साडेपाच हजार पौंडांचा होता, खर्च ११ हजारांच्या वर गेला आणि वर्तमानपत्रांनी सरकारला फाडून खाल्लं. पंतप्रधान धाकटे विल्यम पिट इथे सगळ्यात जास्त, सुमारे वीस वर्षं, राहिले. त्यांनीही या घराला अवाढव्य आणि अडनिडं म्हटलं होतं. १७९६ च्या सुमारास कॅबिनेटची खोली मोठी करायला एक भिंत काढली आणि तिच्या जागी ग्रीक धाटणीच्या कोरिंथियन खांबांच्या जोड्या उभ्या केल्या. हे खांब लक्षात ठेवा. १८२५-२६ मध्ये वास्तुकार सर जॉन सोन यांनी ओकच्या लाकडाने मढवलेलं जेवणाचं मोठं दालन दिलं. घरातलं हे माझ्या मते सगळ्यात शहाणं काम, कारण सोन यांनी आहे त्या खोल्यांच्या पोटातून उंची शोधली, बाहेर काही वाढवलं नाही.

पण राहायला कोण तयार होतं? १७३५ ते १९०२ या काळात हे पद भूषवलेल्या ३१ जणांपैकी जेमतेम १६ जण इथे राहिले. उरलेल्यांची लंडनमध्ये याहून मोठी स्वतःची घरं होती, आणि दहा नंबर ते हाताखालच्यांना किंवा नातलगांना देऊन टाकत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजूबाजूला जिनचे गुत्ते आणि वेश्यावस्ती वाढली होती. १८३९ मध्ये गल्लीची उत्तर बाजू पाडायची योजनाही झाली. ती बारगळली. १८७७ मध्ये पंतप्रधान डिझरायली यांनी सार्वजनिक दालनांचा खर्च सरकारच्या गळ्यात घातला आणि कपडे बदलायच्या खोलीत गरम-गार पाण्याचं न्हाणीघर बसवून घेतलं, खर्च १५० पौंड, ३ शिलिंग, ६ पेन्स. वीज १८९४ मध्ये आली. सगळं घर तापवणारी यंत्रणा १९३७ पर्यंत नव्हती.

समोरच्या बाजूला काय झालं तेही सांगायला हवं, कारण तो धागा थेट आपल्यापर्यंत येतो. डाऊनिंग स्ट्रीटची दक्षिण बाजू पाडून १८६० च्या दशकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची भव्य सरकारी इमारत उभी राहिली. तिच्या एका भागात परराष्ट्र खातं आणि दुसऱ्या भागात इंडिया ऑफिस. मुंबई इलाख्यासह सगळ्या हिंदुस्थानच्या कारभारावर लंडनची देखरेख तिथून चाले. मॅथ्यू डिग्बी वायट यांनी त्यात संगमरवराचा आणि तांबड्या दगडाच्या खांबांचा दरबार कोर्ट हा चौक केला. हा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून गेला. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी तिथे झालेल्या नृत्यसमारंभाचं बिलसुद्धा आपल्याच खात्यावर पडलं. त्याच गल्लीत पलीकडे स्वतःच्या पंतप्रधानाच्या घराची तुळई बदलायला ट्रेझरीकडे पैसे नव्हते. परक्याच्या थैलीतून बांधताना हात सैल सुटतो, हे ब्रिटिश वास्तुकलेच्या इतिहासात जरा कमी लिहिलं जातं.

मग युद्ध. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री चर्चिल तळाच्या गार्डन रूममध्ये जेवत होते. बॉम्बहल्ला सुरू होता. त्यांनी अचानक आचाऱ्याला आणि नोकरांना स्वयंपाकघर सोडून निवाऱ्यात जायला सांगितलं. काही मिनिटांत शेजारच्या ट्रेझरी ग्रीनवर बॉम्ब पडला आणि स्वयंपाकघराचा चुराडा झाला. ट्रेझरीच्या बाजूला पहाऱ्यावर असलेले तीन सरकारी कर्मचारी मारले गेले. आधीच खिळखिळं झालेलं घर या हादऱ्यांनी आणखी सैल झालं.

समितीपुढचे पर्याय

मॅकमिलन यांनी अर्ल ऑफ क्रॉफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५८ मध्ये तिचा निष्कर्ष आला: घर कोसळायच्या किंवा जळून जायच्या आत काहीतरी मूलगामी करायला हवं. पुढे पर्याय ठेवले होते. १०, ११ आणि १२ नंबर तिन्ही जमीनदोस्त करून पंतप्रधानांना शोभेल अशी नवी इमारत उभारायची, हा त्यातला एक. अभियंत्याच्या दृष्टीने तोच स्वस्त आणि खात्रीचा. सुट्या विटांच्या खाली नवा पाया घालण्यापेक्षा रिकाम्या भूखंडावर पाया घालणं केव्हाही सोपं.

समितीने तो नाकारला. १२ नंबर पाडून नव्याने बांधायचा, कारण १८७९ च्या आगीनंतर त्याचा एकच मजला उरला होता. १० आणि ११ मात्र सावरायचे आणि त्यांतलं जे ऐतिहासिक आहे ते जपायचं. मला हा निर्णय पटतो, पण नेहमी दिलं जाणारं कारण पटत नाही. घर सुंदर होतं म्हणून वाचवलं असं म्हणणं सोपं आहे. समोरून तर ते रांगेतल्या शेकडो घरांसारखं एक घर. वाचवण्यासारखं होतं ते एकमेकांवर चढलेल्या थरांमुळे: डाऊनिंगची लबाडी, केंट यांचा जिना, पिट यांच्या काळातली कॅबिनेट खोली, सोन यांचं दालन. नवी इमारत कितीही चांगली केली असती तरी हे थर तिच्यात येणार नव्हते.

काम रेमंड एरिथ यांच्याकडे गेलं. आधुनिकतेचा जोर असलेल्या त्या काळात ते जुन्या अभिजात पद्धतीने काम करणारे वास्तुकार होते, म्हणून निवड योग्य होती. अंदाज होता दोन वर्षं आणि ५ लाख पौंड. १९६० मध्ये मॅकमिलन सामानासकट जवळच्या ॲडमिरल्टी हाउसमध्ये गेले आणि घर उघडलं गेलं.

उघडल्यावर काय निघालं

जुनी इमारत दुरुस्तीला घेणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं की खरा अंदाज गिलावा काढल्यावर लागतो. इथे तेच झालं. घराला पेलणाऱ्या मोठ्या लाकडी तुळया जमिनीत कुजून गेल्या होत्या. कॅबिनेट खोलीतले ते खांब आतून पोकळ निघाले, लाकडाचा भुसा झालेला. शंभर-दीडशे वर्षं ज्यांच्याखाली बसून साम्राज्याचे निर्णय झाले ते खांब नेमके कशाच्या जोरावर उभे होते, हा प्रश्न कामगारांना नक्की पडला असेल. पिलर्ड रूम या मोठ्या दालनातल्या खांबांची अवस्थाही तशीच. झालरपट्ट्या, दारं, खिडक्यांचे उंबरे, जिथे लाकूड तिथे कूज.

गुन्हेगार ड्राय रॉट नावाची बुरशी. ओलसर, हवा न खेळणाऱ्या लाकडात ती रुजते, लाकूड खाऊन त्याचे चौकोनी तुकडे पाडते आणि तिचे तंतू विटांच्या भिंतीतून पार होऊन पलीकडच्या लाकडापर्यंत पोहोचतात. वाळवीसारखं एक घर शोधून मारता येत नाही. बाधित लाकूड आणि त्याच्या आजूबाजूचं चांगलं लाकूडही काढावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ओल बंद करावी लागते. दलदलीवर उथळ पायाने उभं असलेलं घर म्हणजे या बुरशीला पावणेतीनशे वर्षांचं आवतण.

घर जवळजवळ आतून रिकामं केलं. पायाखाली पोलादी सळयांचं काँक्रीट भरलं, सहा ते अठरा फूट खोल पाइल, म्हणजे जमिनीत रोवलेले आधारखांब, घातले. पिलर्ड रूमच्या खांबांमध्ये पोलाद लपवलं. केंट यांचा जिना उतरवून पुन्हा उभारला. मुख्य दालनांच्या छतकिनारींवरून रंगाचे थर खरवडले तेव्हा काही ठिकाणी चाळीस थर निघाले, आणि त्यांच्याखाली दोनशे वर्षांत कोणी न पाहिलेली नक्षी. खोदाईत रोमन काळापासूनचे अवशेष सापडले. कॅबिनेट खोली, प्रवेशदालन, मार्गिका, मोठी दालनं यांची जुन्या मापांवर आणि जुन्या रूपात फेररचना झाली. सगळा हिशेब मांडला तर सुमारे ६० टक्के सामग्री नवी, आणि उरलेल्या ४० टक्क्यांत दुरुस्त केलेलं जुनं आणि हुबेहूब नकला दोन्ही आले. काम तीन वर्षं चाललं आणि खर्च दुप्पट झाला.

मग दर्शनी भिंत. जगाला माहीत होतं की दहा नंबर काळं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या छायाचित्रांतही ते काळंच दिसतं. भिंत धुतली तेव्हा विटा पिवळ्या निघाल्या. दोन शतकांच्या कोळशाच्या धुराने त्या काळ्या केल्या होत्या. संवर्धनाच्या पाठ्यपुस्तकातला हा खास पेचप्रसंग: मूळ रूप कोणतं, जे बांधलं गेलं ते की जे ओळखीचं झालं ते? इथे ओळखीची बाजू जिंकली. स्वच्छ केलेल्या विटांना काळा रंग दिला आणि मधल्या बारीक दर्जा पांढऱ्या ठेवल्या.

शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. डाऊनिंगने ज्या भिंतीवर खोट्या रेघा ओढून तिला भारीतलं दाखवलं, त्याच भिंतीवर पावणेतीनशे वर्षांनी धुराची नक्कल करणारा रंग चढला. या घराचा चेहरा जन्मापासून रंगवलेलाच होता. पिवळ्या विटा उघड्या ठेवल्या असत्या तर बांधकामाशी प्रामाणिक झालं असतं, पण घर ज्या कारणासाठी वाचवलं त्या कारणाशी नाही.

एरिथ यांची तक्रार

काम संपल्यावर एरिथ खूश नव्हते, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मिनिस्ट्री ऑफ वर्क्सने पावलोपावली काटकसर लादली, काम नीट होऊ दिलं नाही आणि म्हणून सगळा पैसा वाया गेला, असं ते उघड म्हणाले. वास्तुकार आपल्या कामाबद्दल असं जाहीरपणे बोलतो तेव्हा एक तर त्याचा स्वभाव वाईट असतो किंवा त्याचं म्हणणं खरं असतं. इथे काही वर्षांतच निकाल लागला. ओलीपासूनचं संरक्षण अपुरं होतं, एक पाण्याचा नळ फुटला, आणि नव्याकोऱ्या मुख्य दालनांमध्ये पुन्हा ड्राय रॉट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस परत उकराउकरी करावी लागली. पायात काँक्रीट ओतायला सरकार तयार झालं होतं, कारण ते न ओतलं तर घर पडणार हे दिसत होतं. ओल रोखण्यावर मात्र हात आखडला, कारण ओल उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही.

पुढच्या दुरुस्त्या याच चौकटीत झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मार्गारेट थॅचर यांनी एरिथ यांचे सहकारी क्विनलन टेरी यांच्याकडून दालनांची सजावट करून घेतली. व्हाइट रूमच्या छताला तेव्हा ब्रिटनच्या चारही भागांची चिन्हं आली. फेब्रुवारी १९९१ मध्ये आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने शेजारच्या व्हाइटहॉल रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतून मॉर्टरचे, म्हणजे उखळी तोफेचे, गोळे डागले. एक मागच्या बागेत फुटला, आखाती युद्धावर बैठक घेत असलेल्या जॉन मेजर यांच्या मंत्रिमंडळापासून काही मीटरवर. खिडक्या आत आल्या, कोणी मेलं नाही. मेजर काही काळ ॲडमिरल्टी आर्चमध्ये हलले. त्यानंतर ओकचं जुनं दार काढून स्फोट सोसणारं धातूचं दार बसवलं. ते बाहेरून ओकचंच वाटतं, दुसरं काय अपेक्षित होतं? दारावरच्या आकड्यातलं शून्य जुन्यासारखं किंचित तिरकं ठेवलंय. अस्सल ओकचं दार चर्चिल वॉर रूम्सच्या संग्रहालयात आहे.

इमारत आज ग्रेड वन, म्हणजे संरक्षणाच्या सगळ्यात वरच्या वर्गात आहे. तिला सुमारे १०० खोल्या आहेत आणि राहण्यासाठी वरचं एक आटोपशीर बिऱ्हाड. १९९७ मध्ये मुलाबाळांचं कुटुंब घेऊन आलेले टोनी ब्लेअर ११ नंबरच्या वरच्या मोठ्या बिऱ्हाडात राहिले. मागाहून आलेल्या अनेकांनी तेच केलं. २००६ मध्ये नव्याने तपासणी झाली तेव्हा छप्पर आणि भिंतींतून पाणी आत येत होतं, तापवण्याची यंत्रणा बंद पडत होती, वीज वारंवार जात होती. दर्शनी भिंतीवरचा काळा रंग काही ठिकाणी विटून खालची पिवळी वीट दिसू लागली होती. टप्प्याटप्प्याने काम काढलं गेलं: शिशाची पन्हळं बदलली, तडकलेल्या विटा दुरुस्त केल्या आणि काळ्या रंगाचा नवा हात दिला.